योग्य वेळ कोणाची?

मराठी घरांत आणि शाळांच्या कार्यालयांत अब्राहम लिंकन राहतो तो एका पत्राच्या रूपाने. मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले ते पत्र, वसंत बापटांच्या मराठीत, चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेले आपण सर्वांनी पाहिलेले आहे. शाळेच्या निरोपसमारंभात ते वाचून दाखवणारे शिक्षक आणि ऐकता ऐकता डोळे पुसणारे पालकही पाहिले आहेत. पत्राची भाषा सुंदर, शिकवण उत्तम. अडचण एवढीच की ते लिंकनने लिहिल्याचा काडीचाही पुरावा नाही. त्याच्या समग्र लेखनात ते सापडत नाही. बापटांच्या शब्दकळेला त्यामुळे काही उणेपणा येत नाही. पण आपल्याला असा लिंकन का हवासा वाटला, याचा विचार करण्याजोगा आहे. आपल्याला सत्याशी तडजोड न करणारा, गर्दीला न भिणारा, एका घावात अन्याय तोडणारा माणूस हवा होता. खरा लिंकन तसा नव्हता. तो थांबणारा माणूस होता. आणि राज्य चालवणाऱ्याने, धोरण आखणाऱ्याने, किंबहुना त्या धोरणाखाली जगणाऱ्या तुम्हीआम्ही शिकायचे असेल तर ते या थांबणाऱ्या माणसाकडूनच.

प्रश्न असा आहे : एखादी गोष्ट अन्यायाची आहे हे ज्याला मनोमन पटलेले आहे आणि ती दूर करण्याची थोडीफार सत्ता ज्याच्या हाती आहे, त्याला ‘योग्य वेळ आली नाही’ असे म्हणण्याचा नैतिक अधिकार आहे काय? असला तर किती दिवस?

१८६० सालच्या जनगणनेनुसार अमेरिकेत जवळजवळ चाळीस लाख माणसे गुलाम होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात लिंकन निवडून आला. गुलामगिरी चूक आहे असे तो वर्षानुवर्षे जाहीरपणे म्हणत आलेला होता. पण १८५८ च्या सप्टेंबरात, इलिनॉय राज्यातल्या चार्ल्स्टन गावी सेनेटच्या जागेसाठी स्टीफन डग्लसशी झालेल्या वादसभेत, काळ्या माणसाला गोऱ्याच्या बरोबरीचे सामाजिक आणि राजकीय हक्क द्यावेत असे माझे मत नाही, हेही त्याने भर सभेत सांगितले होते. अध्यक्षपदाची शपथ घेताना, ४ मार्च १८६१ रोजी, जिथे गुलामगिरी आहे तिथे हात घालण्याचा आपला इरादा नाही अशी ग्वाही त्याने दिली. पत्रातला लिंकन आणि हा लिंकन एका चौकटीत बसत नाहीत.

युद्ध सुरू झाल्यावर तरी? ऑगस्ट १८६१ मध्ये मिसुरीत जनरल फ्रीमाँटने बंडखोरांचे गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले. लिंकनने आधी विनवले, मग हुकूम करून ती घोषणा बदलायला लावली. पुढल्या मे महिन्यात जनरल हंटरने दक्षिणेच्या तीन राज्यांतले गुलाम मुक्त केले. लिंकनने दहा दिवसांच्या आत तोही आदेश रद्द केला. म्हणजे अध्यक्षाचेच सेनापती माणसे सोडवीत होते आणि गुलामगिरीला चूक म्हणणारा अध्यक्ष त्यांना पुन्हा बांधीत होता!

कारण होते, आणि ते फुसके नव्हते. गुलाम राखणाऱ्या पंधरा राज्यांपैकी अकरा फुटून निघाली होती. डेलावेअर, मेरिलँड, केंटकी आणि मिसुरी ही चार काठावर होती. तिकडे त्यांना सीमेवरची राज्ये असेच म्हणत. (आपल्याकडे सीमेवर बसलेल्या माणसाला राजधानीत विचारावे असे सहसा कोणाला वाटत नाही, तिथे चारी राज्यांची नाडी रोज तपासली जात होती.) मेरिलँड गेले तर राजधानी वॉशिंग्टन शत्रूच्या मुलखात अडकणार. केंटकी गेले तर सगळा डावच हातचा गेल्यासारखा, असे लिंकनने आपल्या एका मित्राला लिहून कळवले होते. युद्धच हरले तर चाळीस लाखांतला एकही सुटणार नाही, हा हिशेब बिनतोड होता.

या हिशेबाचा एक विचित्र नमुना १८६२ च्या ऑगस्टात दिसतो. ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चा संपादक होरेस ग्रीली याने अध्यक्षावर जाहीर टीका केली. लिंकनने जाहीर उत्तर दिले की आपले मुख्य काम संघराज्य वाचवणे हे आहे. एकही गुलाम न सोडवता ते होत असेल तर तसे, सगळे सोडवून होत असेल तर तसे. हे वाचून मुक्तिवाद्यांचे रक्त तापले. त्यांना ठाऊक नव्हते की बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त करणाऱ्या घोषणेचा मसुदा लिंकनने महिन्यापूर्वीच, २२ जुलैला, मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. परराष्ट्रमंत्री सिव्हर्डने सल्ला दिला होता की पराभवांच्या रांगेत हे काढले तर ती बुडत्याची आरोळी वाटेल. एखादा विजय मिळू द्या. म्हणून कागद बाजूला ठेवला. १७ सप्टेंबरला अँटिएटमच्या लढाईत एका दिवसात दोन्ही बाजूंची मिळून सुमारे तेवीस हजार माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. शत्रू मागे हटला, आणि पाचव्या दिवशी कागद बाहेर आला. ग्रीलीला लिहिलेले उत्तर खोटे होते काय? शब्द न् शब्द खरा होता. पण वाचणाऱ्याचा जो समज व्हावा तो खरा नव्हता. युधिष्ठिराचा रथ जमिनीला टेकला तो अशाच प्रकारच्या सत्याने. लिंकनचा रथ मुळात जमिनीवरच होता, म्हणून त्याचे चाक रुतल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही, इतकेच.

आता तडजोडीतही जातीची जात असते. एक तडजोड गतीची, दुसरी दिशेची. १८६०-६१ च्या हिवाळ्यात, शपथविधीपूर्वी, युद्ध टाळावे म्हणून पश्चिमेच्या नव्या मुलखात एका रेषेखाली गुलामगिरी पसरू द्यावी अशी योजना केंटकीच्या क्रिटेंडेनने मांडली होती. व्यापारी, वृत्तपत्रे, स्वपक्षातले वजनदार पुढारी सगळे ‘घ्या आणि मोकळे व्हा’ म्हणत होते. लिंकनने आपल्या लोकांना पत्रे लिहून बजावले की इतर कशावरही बोला, पसरण्याच्या मुद्द्यावर हटू नका. इथे तो दगडासारखा उभा राहिला. त्याला वाट पाहणे चालत होते, वाट बदलणे नाही, असे म्हणावेसे वाटते. पण तेही निखळ खरे नाही. असलेल्या राज्यांतल्या गुलामगिरीला केंद्राने कधीही हात लावू नये अशी घटनादुरुस्ती काँग्रेसने त्याच सुमारास मंजूर केली होती, आणि आपल्या पहिल्याच भाषणात लिंकनने तिला हरकत नसल्याचे सांगितले. युद्ध पेटले म्हणून ती मागे पडली. न पेटते तर? गतीची तडजोड केव्हा दिशेची होऊन बसते हे करणाऱ्यालाही कळत नाही, याचा हा दाखला.

आणि खरा पेच त्याच्याही पुढे आहे. राज्यकर्ता थांबतो तेव्हा जो वेळ खर्च होतो, तो त्याच्या खिशातला नसतो.

लिंकनने १८६१ च्या अखेरीस डेलावेअरसाठी एक योजना आखली. चिमुकले राज्य, त्यात गुलाम फक्त १७९८. केंद्र सरकारने मालकांच्या भरपाईसाठी ७ लाख १९ हजार २०० डॉलर्स द्यावेत, म्हणजे दर डोई चारशे. आणि गुलाम टप्प्याटप्प्याने सुटावेत. डेलावेअरने नाकारले. १६ एप्रिल १८६२ च्या कायद्याने राजधानीतले गुलाम मुक्त झाले, तेव्हा मालकांना माणशी तीनशे डॉलर्सपर्यंत भरपाई मिळाली. ज्यांनी आयुष्यभर फुकट राबून ते मालक पोसले त्यांना काय? देश सोडून जायची तयारी असेल तर शंभर डॉलर्सपर्यंत. त्याच ऑगस्टात लिंकनने काळ्या पुढाऱ्यांच्या शिष्टमंडळाला बोलावून, तुम्ही मध्य अमेरिकेत जाऊन वसावे हे दोघांच्याही भल्याचे, असा उपदेश केला. ज्यांच्या पिढ्या त्या मातीत गेल्या त्यांना हे ऐकावे लागले. आणि १ डिसेंबर १८६२ च्या वार्षिक संदेशात त्याने घटनादुरुस्ती सुचवली की जी राज्ये १ जानेवारी १९०० पूर्वी गुलामगिरी बंद करतील त्यांना भरपाई मिळावी. सदतीस वर्षांची मुदत! त्या दिवशी केंटकीत जन्मलेले पोर अशा सोयीस्कर मुदतीत सुटले असते तर अडतिशीत आले असते. त्याच्या आईने बहुधा ते पाहिलेच नसते. या संदेशानंतर बरोबर एक महिन्याने, १ जानेवारी १८६३ रोजी, त्याच माणसाने मुक्तीच्या घोषणेवर सही केली. तीही बंडखोर मुलखापुरती. सीमेवरची चार निष्ठावंत राज्ये तिच्यातून वगळलेली होती.

मग हे घडले कसे? सदतीस वर्षांवरून एक महिन्यावर तो कसा आला? याचे उत्तर अध्यक्षाच्या मनात शोधण्यापेक्षा व्हर्जिनियातल्या मन्रो किल्ल्याच्या दाराशी शोधावे. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम रात्री होडीतून पळून त्या किल्ल्यात आले. दक्षिणेची फौज त्यांना तटबंदीच्या कामाला जुंपत होती. मालकाच्या वतीने एक अधिकारी त्यांना परत मागायला आला, तेव्हा किल्ल्याचा सेनापती बटलर (मूळचा वकील) म्हणाला की तुमचे राज्य परदेश झाले असे तुम्हीच म्हणता. तर शत्रूची मालमत्ता म्हणून मी यांना जप्त करतो. माणसाला मालमत्ता म्हणूनच मुक्त करण्याची ही कसरत! पण बातमी पसरली आणि तिघांचे शेकडो झाले, शेकडोंचे हजार. या माणसांचे काय करायचे हा प्रश्न वॉशिंग्टनच्या टेबलावर येऊन पडला. काँग्रेसला कायदे करावे लागले, आधी एक, मग त्याहून कडक दुसरा. १८६४ मध्ये लिंकनने केंटकीच्या एका संपादकाला लिहिलेल्या पत्रात कबूल केले की घटनांना मी वळण दिले असे म्हणवत नाही, घटनांनीच मला वळवले. पुढाऱ्यांच्या तोंडी हा नम्रपणा क्वचित येतो, आणि इथे तो शब्दशः खरा होता. त्या ‘घटनां’ना हातपाय होते, त्या रात्री होडी वल्हवीत आल्या होत्या.

पुढे काळ्या पलटणी उभ्या राहिल्या. युद्ध संपेपर्यंत एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास काळे सैनिक लढले. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर्स, काळ्याला दहा, आणि त्यातून कपड्यांचे तीन कापून हाती सात. फ्रेडरिक डग्लस हा काळ्यांचा सर्वश्रेष्ठ पुढारी. तो स्वतः गुलामगिरीतून पळालेला. वादसभेतल्या स्टीफन डग्लसशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. ऑगस्ट १८६३ मध्ये तो याबद्दल जाब विचारायला लिंकनकडे गेला. लिंकनने शांतपणे ऐकले आणि सांगितले की काळ्यांना फौजेत घेणेच लोकांना पचत नव्हते, म्हणून ही सवलत द्यावी लागली. कालांतराने समान पगार मिळेल. पुन्हा ‘कालांतराने’. डग्लसचे समाधान झाले नाही, पण माणूस खरा आहे हे त्याला पटले. जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान पगार दिला. मधल्या दहा महिन्यांत सात डॉलर्सवर मेलेल्यांचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

लिंकनची बाजू मला सर्वांत भक्कम वाटते ती याच वर्षीच्या ऑगस्टात. युद्ध लांबले होते, निवडणूक तोंडावर होती, आणि मुक्तीची अट सोडली तर दक्षिण तहाला येईल असे पक्षातले लोक कानीकपाळी ओरडत होते. आपण हरणार असे त्याला स्वतःलाच वाटत होते. तसे लिहून, घडी घालून, मंत्र्यांच्या न वाचता सह्या त्याने त्या कागदावर घेतल्या. निवडणूक पुढे ढकलण्याचा विचार केला नाही. मुक्तीची अट मागे घेतली नाही. आणि डग्लसला बोलावून विचारले की मी हरलो तर नवा अध्यक्ष येण्यापूर्वी दक्षिणेतून जास्तीत जास्त गुलाम बाहेर कसे काढता येतील, याची योजना तुम्ही कराल का? दोन वर्षांपूर्वी काळ्यांना परमुलखी जायला सांगणारा हाच माणूस. सप्टेंबरच्या आरंभी शर्मनने अटलांटा घेतले आणि ती वेळ आली नाही.

युद्धकाळातला फौजी हुकूम शांततेत टिकेलच असे नाही, हे वकील असलेल्या लिंकनला पुरते ठाऊक होते. म्हणून घटनेत तेरावी दुरुस्ती व्हावी हे त्याने पक्षाच्या जाहीरनाम्यात घालून घेतले. जून १८६४ मध्ये प्रतिनिधिगृहात ती पडली होती. निवडणूक जिंकल्यावर, नवे अनुकूल गृह बसण्याची वाट न पाहता, त्याने जुन्याच गृहाकडून ३१ जानेवारी १८६५ रोजी ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर करवून घेतली. मते जमवण्यासाठी पदांची आमिषे दाखवली गेली असे इतिहासकार सांगतात. आयुष्यभर थांबलेला माणूस इथे मात्र एक महिनाही थांबायला तयार नव्हता. आधीच्या सगळ्या थांबण्याला अर्थ येतो तो या घाईमुळे.

आपल्याकडच्या धोरणांकडे या नजरेने पाहिले तर काय दिसते? चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्यसंस्थेने दहा वर्षांत झटावे, असे आपल्या घटनेच्या पंचेचाळिसाव्या कलमात १९५० सालीच लिहिलेले होते. दहा वर्षे १९६० साली सरली. तो मूलभूत हक्क करण्यासाठी घटनादुरुस्ती झाली २००२ मध्ये, कायदा झाला २००९ मध्ये आणि अंमल सुरू झाला १ एप्रिल २०१० रोजी. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९९३ चा. तो पुरेसा पडला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. प्रत्येक टप्प्यावर कारणे होती, आणि ती सगळी खोटी होती असे मी म्हणणार नाही. पैसा नव्हता, शाळा नव्हत्या, समाजाची तयारी नव्हती. पण लिंकनच्या थांबण्यात आणि या थांबण्यात एक फरक आहे. त्याच्या टेबलावर मसुदा तयार होता आणि दाराशी माणसे उभी होती. आपल्याकडे मसुदा घटनेत होता, पण १९६० साली ज्या मुलाची शाळा हुकली ते कोणाच्या दाराशी जाऊन उभे राहणार? ‘टप्प्याटप्प्याने’ हा शब्द सरकारी कागदावर दिसला की पुढल्या टप्प्याची तारीख दिली आहे काय, आणि ती चुकली तर कोणाला जाब द्यावा लागणार आहे, एवढे तरी वाचणाऱ्याने पाहावे. तारीख नसलेला टप्पा हा टप्पा नव्हे, तो मुक्काम.

हे आपल्यातल्या एका माणसाने फार लवकर ओळखले होते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेच्या लोकांना अर्पण केली. लिंकनला मरून तेव्हा आठ वर्षे झाली होती. त्याच्या नावाने अर्पण करणे सहज शक्य होते, शोभलेही असते. फुल्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. राज्यकर्त्याची योग्य वेळ लोक आणतात, हे पुण्यात बसून त्यांना दिसले होते.

लिंकनला गोळी लागली १४ एप्रिल १८६५ च्या रात्री. तीन दिवसांपूर्वीच्या भाषणात त्याने काही काळ्यांना तरी, शिकलेल्यांना आणि सैनिकांना, मताधिकार असावा असे पहिल्यांदा उघडपणे म्हटले होते. मारेकरी बूथ त्या श्रोत्यांत हजर होता. गादीवर आला अँड्र्यू जॉन्सन. त्या जानेवारीत जनरल शर्मनने किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस चाळीस एकरांनी वाटून दिली होती. सुमारे चाळीस हजार माणसे तिथे नांगर धरून बसली होती. जॉन्सनने बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. मुक्ती घटनेत लिहिली होती म्हणून ती त्याला पुसता आली नाही. जमीन फौजी हुकुमात होती, ती एका सहीने गेली. आणि भरपाई नाकारणाऱ्या त्या डेलावेअरने तेराव्या दुरुस्तीला संमती दिली १९०१ साली, तर केंटकीने १९७६ साली.

१४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकनचा एक पुतळा उभा राहिला. त्याचा पैसा मुक्त झालेल्या गुलामांनी जमवला होता. पहिले पाच डॉलर्स व्हर्जिनियाच्या शार्लट स्कॉट या मुक्त झालेल्या स्त्रीने दिले होते. अनावरणाचे भाषण डग्लसचे होते. राष्ट्राध्यक्ष ग्रँट समोर बसलेला असताना त्याने सांगितले की मुक्तिवाद्याच्या जागेवरून पाहिले तर लिंकन मंद, थंड आणि बेपर्वा वाटतो. त्याच्या देशाच्या मनोवृत्तीच्या मापाने मोजला तर तोच वेगवान, कळकळीचा आणि निर्धाराचा ठरतो. दोन्ही मापे त्याने शेजारी शेजारी ठेवली आणि एकही उचलले नाही. पुतळ्यात लिंकन उभा आहे आणि त्याच्या पायाशी साखळ्या तुटलेला काळा माणूस गुडघ्यावर आहे. चार-पाच दिवसांनी डग्लसने एका वृत्तपत्राला पत्र लिहिले, ते अभ्यासकांच्या हाती लागले २०२० साली. मरण्यापूर्वी मला असे एक स्मारक पाहायचे आहे, असे त्यात म्हटले होते, की ज्यात काळा माणूस गुडघ्यावर नसून स्वतःच्या पायांवर ताठ उभा असेल. त्या पुतळ्याची बॉस्टनमधली प्रतिकृती त्याच वर्षीच्या डिसेंबरात चौथऱ्यावरून उतरवण्यात आली.